चार गोल अन् एक त्रिकोण

...नाई, पण मी काय म्हणते, लेकराले गोल शिकवाचा आहे ना? मंग घरात काय गोल कमी आहेत? भाकर गोल, बांगडी गोल, आमच्या सासऱ्याचं टक्कल गोल, लेकरानं हात फिरवून पाह्यतो म्हणलं तं थेही फिरवू देतेत, चांगले आहेत बिचारे. पण नाई, घराबाहेर निंगा म्हणे. ट्रेनिंग होती ना सिंदेवाहीले, तिथी एक मॅडम आल्या होत्या मोठ्या शहरातून, अन् बोलणं कसं, तं पाकात बुडवून काढल्यासारखं : 'ताई, आकार फळ्यावर नसतो, आकार परिसरात असतो. मुलांना शोधू द्या, हाताळू द्या, परिसर स्वतःहून शिकवेल.' शिकवलं ना बापा परिसरानं. असं शिकवलं का अजून मी रात्री उठून दाराची कडी पाह्यते. तुमाले सांगते, मी तं फक्त आकार शिकवून राह्यली होती...

थांबा, पाणी पिऊ द्या आधी. तुमी हासून राह्यले, तुमचं काय जाते हासाले?

मी रीता, आमच्या गावच्या अंगणवाडीची बाई. गाव सिंदेवाहीवरून आत. डांबर संपते, मंग गिट्टी संपते, अन् त्याच्यापुढं जे राह्यते त्याले आमचे सरपंच रस्ता म्हणतेत. गावाच्या शेवटी अंगणवाडी, अंगणवाडीच्या मांगं बोरिंग, बोरिंगच्या मांगं धानाच्या बांध्या, अन् बांध्या संपल्या का जंगल. आता मले सांगा, गावातले सगळ्यात लहान लेकरं गावाच्या सगळ्यात शेवटी, जंगलाच्या तोंडाशी ठेवाची, ही अक्कल कोणाची? म्हणे, जागा फुकट भेटली. फुकट भेटणारच ना, तिथी बसाले माणूस कोण तयार होता?

अन् बसवलं कोणाले, तं मले. मी भित्री. लपवून काय करू, गावभर माहीत आहे. मी पालीले भेते, इजेले भेते, कुकरच्या शिटीले भेते, म्हशीनं माह्याकडं जरा जास्त वेळ पाह्यलं तं म्हशीलेही भेते. अन् अशा बाईच्या दारात सकाळी सकाळी गावातल्या माया धान कापाले जाता जाता लेकरं सोडून जातेत, 'घ्या बाई,' अन् चालल्या, मांगं वळूनही नाई पाहात. एकेक लेकरू माह्या हवाली. दुपारी जेवढे घेतले तेवढे वापस द्याचे, पडलेलं नाई, हरवलेलं नाई, कोणी खाल्लेलं नाई. एवढंच माह्यं खरं काम, बाकी गाणे-बिणे शिकले तं शिकले.

अन् कोणी खाल्लेलं नाई, हे मी मजाक म्हणून नाई म्हणत बरं. आमच्याकडं जंगलाच्या काठाले त्याचं नाव तोंडानं घेत नाईत. कोणाचं? त्याचंच हो. पिवळा, पट्ट्याचा, मिशीवाला. नाव घेतलं का येते, म्हणून आमी बुवा म्हणतो. मी नवऱ्याचं नाव नाई घेत अन् बुवाचं नाई घेत, दोघंही नाव घेतलं का हजर होतेत. आमचे हे फॉरेस्टमधी रोजीनं जातेत, बुवाच्या पावलाचे ठसे पाहाचंच काम. जेवाले बसले का ताटातल्या भातावर बोटानं पाऊल काढतेत अन् मले शिकवतेत : 'हे पाह्य, समोर चार बोटं, मांगं गादी. नराचं पाऊल चौकोनात बसते, जेवढं लांब तेवढंच रुंद. मादीचं लांबुळकं राह्यते, आयतात बसते.' मी म्हणते, 'जेवा ना गुमान, भातावर काऊन आणून राह्यले त्याले?' पण ऐकलेलं कानातून निंगते का? नाई निंगत.

तं त्या दिवशी आकार. सुपरवायझर मॅडम येणार होत्या पाहाले, उपक्रम प्रत्यक्ष दिसला पायजे म्हणे. सकाळी मी पळसाच्या पत्रावळ्या वाटल्या. पत्रावळ मंजे तोंड, गोल. बाटलीची झाकणं मंजे डोळे, थेही गोल. पुठ्ठ्याचा त्रिकोण मंजे नाक, पुठ्ठ्याचा आयत मंजे तोंडाची फट. डिंक लावा, चिपकवा, झाला माणूस. आता याच्यात काय भेव आहे सांगा? काहीच नाई. पण आमचा निकेश. त्यानं नाक लावलं, अन् मंग त्रिकोण घेत गेला, घेत गेला, वर-खाली दात लावत गेला. मी म्हणलं, 'निकेश, हे काय रे?' तं म्हणते, 'बाई, माह्या माणूस चावते.' त्या चावणाऱ्या माणसाच्या जबड्यात माह्ये सगळे त्रिकोण संपले, अन् सोमारीच्या तोंडाले नाकच नाई राह्यलं.

सोमारी मंजे रंभाबाईची पोरगी. एवढीशी आहे, बोलत नाई जास्त, पण एकदा डोक्यात घेतलं का मंग ब्रह्मदेव आला तरी निंगत नाई. थे आपलं बिननाकाचं तोंड घेऊन माह्यासमोर उभी. रडत नाई, भांडत नाई, नुसती पाह्यते. मी घाईत म्हणलं, 'आता बाहेर जाऊन राह्यलो ना बेटा, पाह्य एखादा त्रिकोण भेटते का, थोच नाक लावू.' बोलण्यासारखी बोलली मी. मले काय माहीत का पोरगी मनावर घेईन?

मंग बाहेर. नीलाबाईनं बांबूच्या कमच्यांच्या चौकटी बांधून देल्ल्या होत्या, काही चौकोनी, काही लांबुळक्या, आयताच्या. नीलाबाई मंजे आमची मदतनीस, खिचडी शिजवते. जगबुडी आली तं आधी मीठ बरोबर आहे का पाहीन अन् मंग बुडीन, अशी बाई. खेळ असा का चौकट घ्याची, फिराचं, जे चौकटीत बरोबर बसते थे बाईले दाखवाचं. बाबूभाई पंक्चरवाल्याच्या फैजनं चौकटीत कोंबडी बसवून पाह्यली, कोंबडी बसली नाई, उलटी चौकट गळ्यात घालून पळाली. दिव्यानीनं वीट आणली, आयत, शाब्बास. मी खुश. मनात म्हणलं, येऊ दे मॅडमले, अशी अंगणवाडी तालुक्यात दाखवावं म्हणावं कोणी. मी तं फक्त आकार शिकवून राह्यली होती ना...

तेवढ्यात बोरिंगच्या चिखलातून निकेश हाका मारते, 'बाई, बाई, इथी चार गोल आहेत. अन् मांगं एक मोठा त्रिकोण.'

अन् मी काय केलं असन? मी म्हणलं, 'शाब्बास रे बेटा.' टाळ्या वाजवल्या, सगळ्यायले वाजवाले लावल्या. एकाच जागी दोन आकार, अजून काय पायजे? मोबाइल काढला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'परिसरात आकार शोधताना आमचे चिमुकले.' फुलं-बिलं टाकली दोन. इकडं निकेश आपली चौकट त्याच्यावर ठेवून राह्यला. 'बाई, माह्या चौकोनात नाई बसत वं, बाहेर निंगते.' दिव्यानी म्हणते, 'सरक बाजूले, माह्या आयतात बसते पाह्य.' अन् बसलं. असं बसलं, असं बसलं, जसं मापानं शिवलं.

माह्या डोळ्यासमोर भाताचं ताट आलं.

तुमाले खरं सांगते, मी हालली नाई. हालता येत नोहतं. चार बोटं, मांगं गादी, अन् आयतात बसते. मंजे बुवा नाई, बुवाची बायको. अन् त्या बोटाच्या खड्ड्यात पाणी अजून पाझरून राह्यलं होतं, भरलं नोहतं पुरतं. मंजे आताच गेली. आमी इथी कोंबडी चौकटीत मापून राह्यलो तवा गेली. अन् मंग मले बाजूले दिसलं. तसंच, पण लहान. एक लहान, अजून एक लहान, त्या मोठ्याच्या अंगाअंगानं. लेकुरवाळी. नर एखाद्या वेळेस तुमच्याकडं पाहून निंगून जाते म्हणतेत आमचे हे, पण लेकुरवाळी आपल्या लेकराच्या अन् आपल्यामधी कोणी आलेलं खपवून घेत नाई. अन् दूर नाल्यावर वानरं खकारून राह्यले होते, बुवा दिसला का खकारतेत तसे, खाक, खाक, खाक, मघापासून खकारून राह्यले असन, पण टाळ्याच्या आवाजात ऐकते कोण?

हातातला मोबाइल वाजला. मी जीव जाता जाता वाचली. मॅडमचा मेसेज : 'खूप छान. थोडा आणखी जवळून फोटो पाठवा.'

आता काय करता? ओरडता? मी ओरडली असती तं पोट्टे चहूकडं पांगले असते, एक बांधीत, एक नाल्यात, एक उभ्या धानात, अन् कोणाकोणाच्या मांगं धावू मी? पळाचं तं अजिबात नाई. अन् वाकाचं नाई, हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकराले सांगतेत, वाकलं का माणूस त्याले माणूस नाई दिसत, चार पायाचं जनावर दिसते. अन् माह्ये सगळेच्या सगळे पोट्टे चिखलात उकिडवे बसून, माना खाली घालून, आकार पाहून राह्यले होते. त्यात फैज मान वर करून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणते, 'बाई, हे वाघाचं पाऊल आहे का?'

घेतलं नाव. एवढ्या मोठ्यानं घेतलं.

मी म्हणलं, 'नाई बेटा, हे आकार आहेत.' आवाज माह्याच होता का नाई कोण जाणे. 'चला, उभे राहा सगळे. हात धरा एकमेकाचे. आता आपण सगळे मिळून गोल बनवू.' लहान-लहान मधात घेतले, मोठे बाहेर, अन् तो गोल मी घेऊन चालली अंगणवाडीच्या दाराकडं. तर निकेश म्हणते, 'बाई, गोल तं फिरते, सरळ नाई जात.' मी म्हणलं, 'हा जाणारा गोल आहे, चाल गुमान.' एक आतला म्हणते, 'बाई, मले शी लागली.' 'आत गेल्यावर.' 'बाई, आत्ता लागली.' मलेही आत्ताच लागली होती, पण मी सांगितलं का कोणाले? नीलाबाई चुलीजवळ उभी, तिले मी डोळ्यानं खुणावते, जंगलाकडं डोळे, दाराकडं डोळे, थे म्हणते, 'बाई, डोळ्यात काई गेलं का?' मंग मी नुसतं 'बुवा' म्हणलं, ओठाच्या आत. तिनं खिचडीचा गंज उचलला अन् हालवाच्या सराट्यानं बडवाले लागली, आवाजानं जनावर दूर राह्यते म्हणून. सगळी खिचडी उसळून तिच्या लुगड्यावर. पण थे बडवत राह्यली, अन् गोल दारातून आत गेला, चेपत-चेपत, लंबगोल होऊन. मी कडी लावली. दाराले पाटा लोटला. पाट्यावर नीलाबाईले बसवलं.

हासा, हासा. मी तं फक्त आकार शिकवून राह्यली होती.

सरपंचाले फोन केला, आमच्या ह्यायले फोन केला, ह्यायनं म्हणलं, 'दार उघडू नको, निंगालो आमी.' बरं वाटलं. आता पोट्ट्यायले भेव नाई वाटलं पायजे म्हणून मी सुतळीवर वाळाले टांगलेले सकाळचे पत्रावळीचे मुखवटे वाटाले घेतले, ज्याचं त्याले. हा चावणारा निकेशचा. हा मिशीवाला फैजचा. हे टिकलीवाली दिव्यानीची. प्रत्येकानं आपापलं तोंड घेतलं. अन् सुतळीवर एक तोंड तसंच राह्यलं. त्याले नाक नोहतं.

मी म्हणलं, 'सोमारी?'

मी पाळण्याच्या मांगं पाह्यलं, तांदळाच्या चुंगडीमांगं पाह्यलं, पाट्याखाली पाह्यलं, पाट्याखाली कोणी मावते का, पण पाह्यलं. नीलाबाई शांत, लुगड्यावरचा भात वेचत म्हणते, 'सोमारी ना? थे तं मघाच गेली. त्रिकोण पाहाले.' मी म्हणलं, 'कुठी?' 'तिकडं, बांध्याकडं. मी म्हणलं दूर नको जाऊ, तं म्हणते, बाईनं सांगितलं.'

बाईनं सांगितलं... आता तुमी काय करता? खरं सांगा, छातीवर हात ठेवून सांगा. मी तुमाले सांगते मी काय विचार केला. मी पहिले विचार केला, ह्यायले येऊ द्यावं, गावातले येतेतच ना काठ्या घेऊन. मंग रंभाबाईचं तोंड डोळ्यासमोर आलं. सकाळी पोरीचं नाक पुसून देल्लं होतं तिनं, पदरानं, अन् म्हणली होती, 'घ्या बाई.' मांगं वळूनही पाह्यलं नोहतं. मंग माह्ये पाय आपलेच उठले. मी नाई उठली बरं, पाय उठले. मी तर बसूनच होती.

नीलाबाईले म्हणलं, 'मी जाते, तू कडी लाव, ओळख पटल्याशिवाय उघडू नको.' गंज घेतला, सराटा घेतला. अन् आठवलं, फॉरेस्टवाले मुखवटे वाटतेत ना, डोक्याच्या मांगं बांधाले, कारण म्हणे बुवा मांगून येते, अन् मांगूनही तोंड दिसलं का त्याले वाटते हा माणूस आपल्याकडं पाहूनच राह्यला. तं सुतळीवरचं थे सोमारीचं बिननाकाचं तोंड काढलं अन् बांधलं डोक्याच्या मांगं. अशी मी निंगाली. मांगून हासून राह्यली, पुढून रडून राह्यली, हातात खिचडीचा गंज. माह्या लग्नातही मी एवढी नटली नोहती.

बाहेर आवाज नाई. वानरं चूप झाले होते. वानरं खकारतेत तवा भेव वाटते, पण चूप होतेत तवा जे वाटते ना, त्याले शब्द नाई. मी गंज बडवणार होती, पण हातच उचलेना; वाटलं, बडवला अन् पोरगी दचकून धानात पळाली तं? म्हणून हाकही नाई मारली. बोरिंग गेलं, तनसीचा ढीग गेला, अन् ढिगापलीकडच्या बांधावर थे उभी. पाठ माह्याकडं. हात मांगं बांधून, मोठ्या माणसावानी.

मी हळूच म्हणलं, 'सोमारी, बेटा, चाल.'

थे मान न फिरवता म्हणते, 'बाई, त्रिकोण नाई भेटला.'

'नसू दे बेटा, चाल.'

'तिथी गोल आहेत,' अन् तिनं समोरच्या उभ्या धानात बोट दाखवलं, 'दोन. पण मले तं त्रिकोण पायजे.'

मी पाह्यलं. पिकलेलं पिवळं धान, कंबरेएवढं. धानात दोन गोल. बाकी काईच दिसत नाई, नुसते दोन गोल, लोंब्यांच्या जरा वर. अन् तुमाले सांगते, मांजरीचे कान टोकदार राह्यतेत, कुत्र्याचे टोकदार, कोल्ह्याचे टोकदार, जगात ज्या ज्या जनावराचे कान टोकदार आहेत त्या सगळ्यायची मी तिथी उभ्या उभ्या आराधना केली. देवा, एखादा कोन दे. एक तरी कोन दे. जन्मभर त्रिकोणाची पूजा करीन. पण नाई, कोन कुठीच नाई, एकदम गोल, परकारानं काढल्यासारखे. मी पाह्यत राह्यली, अन् त्यातला एक गोल हळूच आमच्याकडं वळला.

मी बांधावर कशी चढली माहीत नाई. पोरगी कमरेवर घेतली, तिचं तोंड माह्या खांद्यात दाबलं. आता पाठ करून पळाचं नाई, तं उलट्या पायानं, तोंड तिच्याकडं ठेवून, एक पाय मांगं, दुसरा पाय मांगं. अन् मंग माह्या लक्षात आलं का मी उलटी चालून राह्यली मंजे तो मुखवटा गावाकडं पाहून हासून राह्यला. ज्याच्यासाठी बांधला तिच्याकडं माह्यं खरं तोंड, भेवानं पांढरं पडलेलं. एवढ्या दिवसाच्या नोकरीत मी केलेली एक गोष्ट सरळ होईन तं शपथ.

पण बोलाचं राह्यते ना, माणसाचा आवाज आला पायजे. काय बोलू? मी तिलेच म्हणलं, मोठ्यानं, 'माय, तू लेकुरवाळी आहे, मीही लेकरायचीच आहो. तुह्ये तुह्याजवळ आहेत, माह्यं हे एकच राह्यलं होतं, थे घेऊन चालली. तुह्या वाटेले मी नाई येत, माह्या वाटेले तू नको येऊ.' सांगता सांगता रडाले येऊन राह्यलं, पण थांबली नाई, तेच तेच म्हणत गेली, जसं कोणी शेजारणीले समजावते. धान जरासं हाललं. मंग नाई हाललं. अन् सोमारी कमरेवरून काय विचारते, तं, 'बाई, माह्यं तोंड तुमी डोक्याले काऊन बांधलं?' मी म्हणलं, 'सांभाळून ठेवलं बेटा.' 'त्याले नाक नाई.' 'मालूम आहे मले.' 'मंग त्रिकोण?' 'देते ना वं माय, देते, चूप राह्य.'

दारापर्यंत आली. दार वाजवलं. आतून नीलाबाई, 'कोण?' मी म्हणलं, 'मी.' 'मी कोण?' 'नीलाबाई, उघड.' थे म्हणते, 'तुमीच सांगितलं ना, ओळख पटल्याशिवाय उघडू नको.' धानाकडं पाहात पाहात मी त्या दाराले माह्यं नाव सांगितलं, माह्या बापाचं सांगितलं, माहेर सांगितलं, अन् आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. तवा पाटा सरकला.

आत गेल्यावर मी बसली ती बसलीच. नीलाबाईनं सगळं ऐकलं, उठली, एक पुठ्ठा घेतला, विळीवर कच्चकन त्रिकोण कापला अन् सोमारीच्या हातात देल्ला. मी म्हणलं, 'नीलाबाई, हे सकाळी काऊन नाई केलं?' थे म्हणते, 'तुमी म्हणलं का?'

मंग गावातले आले, फॉरेस्टवाले आले, फटाके फुटले, अन् दिवस मावळाच्या आत थे आपले दोन बच्चे घेऊन नाला ओलांडून गेली. कोणाले काई नाई झालं, तिलेही नाई, आमालेही नाई. आमचे हे आले, अन् मले वाटलं जवळ येतेत, पाठीवर हात ठेवतेत, तं हे आधी बोरिंगजवळ गेले, पाऊल पाह्यलं, दिव्यानीची चौकट पाह्यली, अन् मंजे चेहरा कसा आनंदाचा : 'बरोबर आहे. आयतच आहे. मी सांगतो तवा तुमी ऐकत नाई.' अन् सुपरवायझर मॅडमही आल्या. गाडीच्या खाली नाई उतरल्या, काच बोटभर उघडली. त्या फटीतून पोट्ट्यायले विचारलं, 'बाळांनो, गोल कुठे कुठे पाहिला?' अन् पोट्टे काय काय सांगून राह्यले होते... मॅडमनं काच लावता लावता म्हणलं, 'रीताताई, मुलांचे आकार पक्के झालेत हं. असंच परिसराशी नातं ठेवा.' नातं. सोयरीकच लावून टाका म्हणा.

मी त्याच दिवशी ठरवलं, बस झालं. किल्ली नीलाबाईच्या हाती द्याची अन् घरी बसाचं, शिलाई करीन, पापड लाटीन, भाकरीले गोल म्हणीन अन् खाऊन टाकीन. हेही म्हणले, 'सोडून दे, तुह्या जिवापेक्षा काय आहे?' सकाळी मी किल्ली मुठीत घेऊन निंगाली. वाटेत रंभाबाई. एका हातात विळा, एका हातात सोमारी. मले वाटलं, आता हे मले बोलते. बोलाचा हक्कच आहे तिचा, तिची पोरगी होती. मी मान खाली घालून उभी. मी म्हणलं, 'रंभाबाई, मी सोडून राह्यली अंगणवाडी. मले भेव वाटते. मी लय भित्री आहो.'

थे म्हणली, 'मालूम आहे ना बाई. गावाले मालूम आहे.' अन् पदरानं पोरीचं नाक पुसलं. 'आमी तं रोज जंगलाच्या काठानं, त्या लेकुरवाळीच्याच वाटेनं धान कापाले जातो, आजही तिकडंच चालली. मनात एकच राह्यते, आपलं जे व्हाचं थे हो, पोरगी तुमच्याजवळ आहे. तुमी भेता म्हणून आमी बिनघोर जातो. घ्या बाई.'

पोरीचं बोट माह्या हातात देल्लं अन् चालली, बांध्यांकडं. मांगं वळूनही नाई पाह्यलं.

आता तुमीच सांगा, काय करता? मी तं तिथीच उभी, एका मुठीत किल्ली, एका मुठीत पोरगी. सोमारी विचारते, 'बाई, आज कोणता आकार?'

मी म्हणलं, 'चौकोन, बेटा.'

'कुठी पाहाले जाऊ?'

'कुठीच नाई,' मी म्हणलं, 'ज्या खोलीत बसतो थोच. आतून पाहू, कडी लावून.'